टीव्हीवरची जाहिरात, चुकीच्या रंगाची बस: वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात अन्यायाविरुद्ध लिहिलेल्या पत्रांवर आणि पत्रकांवर मी दोन पानं लिहिली होती, त्यावर बरेच प्रश्न आले. बहुतेकांचा रोख एकाच गोष्टीवर होता, की अशा लेखनात बारीकसारीक तपशील इतका का असतो आणि तो खरंच काम करतो का. त्यातले काही प्रश्न इथे घेतेय.

ताई, मी बीएच्या शेवटच्या वर्षाला आहे, इंग्लिश स्पेशल. आम्हाला मार्टिन ल्यूथर किंगचं बर्मिंगहॅमच्या तुरुंगातलं पत्र आहे. त्यात एक वाक्य इतकं लांब आहे की संपतच नाही, सर म्हणतात हमखास येतं परीक्षेला आणि "तपशिलाचा प्रभावी वापर" असं लिहून या. पण प्रभावी का, ते कोणीच सांगत नाही. डिटेल दिलं की आपोआप पटतं का?
*विद्यार्थिनी, लातूर*

आपोआप काहीच पटत नसतं गं. डिटेल भरपूर देऊनही न वाचलेली पत्रं सरकारी कपाटांत ढिगानं पडलीयत. म्हणून आधी हे बघ की पत्र कोणाला लिहिलंय, कारण गाइडमध्ये ते एका ओळीत उरकतात आणि सगळी गंमत तिथेच असते.

एप्रिल १९६३, अलाबामा राज्यातलं बर्मिंगहॅम. कोर्टाचा मनाई हुकूम मोडून वर्णभेदाविरुद्ध मोर्चा काढला म्हणून १२ एप्रिलला, गुड फ्रायडेच्या दिवशी, किंगना अटक झाली. त्याच सुमारास शहरातल्या आठ गोऱ्या धर्मगुरूंचं एक निवेदन पेपरात आलं, सात ख्रिस्ती आणि एक ज्यू रब्बाय. म्हणणं साधारण असं की ही निदर्शनं शहाणपणाची नाहीत, वेळ चुकलीय, बाहेरची माणसं येऊन हे करतायत, हक्क मागायचे तर कोर्टात मागा, आणि पोलिसांनी मात्र छान संयम दाखवला. आता ही आठ माणसं काही व्हिलन नव्हती हे लक्षात घे. याच मंडळींनी जानेवारीत कोर्टाचे निकाल पाळा, दंगाधोपा नको, असं आवाहन गोऱ्यांना केलं होतं, म्हणजे स्वतःच्या नजरेत ते मध्यममार्गी सज्जन लोक होते. अशा सज्जन माणसाला "तुम्ही अन्याय करताय" म्हटलं की तो दुखावतो, आणि "अन्याय होतोय" म्हटलं की मान डोलावतो आणि घरी जातो. दोन्हीकडून हातात काही येत नाही.

आता तुझं ते वाक्य. तीनशेहून जास्त शब्दांचं आहे, "जेव्हा तुम्ही हे बघता", "जेव्हा तुम्ही ते बघता" अशी तुकड्यामागून तुकडा जोडत जातं. सुरुवात कशानं होते बघ. जमाव येऊन आईबापांना फासावर लटकवतो, भावाबहिणींना बुडवून मारतो, पोलीस शिव्या घालतात, लाथा मारतात, जीव घेतात. याहून भयंकर काय असणार? आणि हे सगळं दोन ओळींत संपतं! त्यानंतर दोन कोटी काळी माणसं गरिबीत कशी घुसमटतायत ते येतं, तेही झटकन. आणि मग वाक्य एकदम थांबल्यासारखं होतं, कशावर, तर सहा वर्षांच्या मुलीवर, जिनं टीव्हीवर फनटाउन नावाच्या करमणुकीच्या पार्कची जाहिरात बघितलीय आणि ती बापाला विचारतेय की आपण तिथे का नाही जायचं.

म्हणजे सगळ्यात मोठ्या क्रूरतेला सगळ्यात कमी शब्द आणि पाळण्यात बसायला न मिळण्याला सगळ्यात जास्त. हे उलटं का केलं असेल? माझं उत्तर असं, तुझ्या सरांना पटेल न पटेल. फासावर लटकवणारा जमाव वाचताना तो धर्मगुरू म्हणतो, छे छे, मी त्यातला नाही, ते गावगुंड. आणि खरंच तो त्यातला नसतो. पण टीव्हीवरची जाहिरात त्याच्याही घरी दिसलेली असते, त्याच्याही ओळखीतल्या पोरांनी जायचा हट्ट केलेला असतो आणि त्यांना कोणीतरी नेलेलंही असतं. वाक्य जसं पुढे सरकतं तसे डिटेल दुसऱ्यांच्या गुन्ह्यांकडून वाचणाऱ्याच्या रोजच्या सवयींकडे येत जातात. आधी जमाव, मग पार्क, मग मोटेल, जिथे काळ्या कुटुंबाला खोली मिळत नाही म्हणून लांबच्या प्रवासात रात्रीमागून रात्र गाडीतच अंग मुडपून झोपायचं. आणि मग नाव. काळ्या माणसाचं पहिलं नाव म्हणजे एक शिवी, मधलं नाव "बॉय", मग तो कितीही म्हातारा असो, आणि बायकोला, आईला "मिसेस" हे साधं मानाचं संबोधन कधीच नाही. आता हे तर त्या आठ जणांच्या चर्चमधली माणसं रोज करत होती, बहुधा लक्षातही न येता, जसं आपल्याकडे काही घरांत धुण्याभांड्याला येणाऱ्या साठीच्या बाईला घरातलं शेंबडं पोर पण अगं-तुगं करतं आणि कोणाला काही वाटत नाही. हे नावाचं डिटेल किती खरं होतं ते त्याच उन्हाळ्यात त्याच अलाबामात दिसलं. गॅड्सडेन गावच्या कोर्टात सरकारी वकिलानं मेरी हॅमिल्टन या चळवळीतल्या बाईंना नुसतं "मेरी" म्हटलं, त्या म्हणाल्या मिस हॅमिल्टन म्हणाल तर उत्तर देईन, तर कोर्टाचा अवमान म्हणून पाच दिवस तुरुंग आणि ५० डॉलर दंड. १९६४ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानं तो निर्णय उलटवला.

फनटाउनच्या तुकड्यात अजून एक जागा आहे, ती परीक्षेत लिहिलीस तर मार्क मिळतील का माहीत नाही पण मला ती पूर्ण पत्रातली सगळ्यात भारी वाटते. मुलीला उत्तर देताना आपली जीभ अडखळते, बोलताना तोतरं होतं असं किंग लिहितात. कोण लिहितंय हे? ज्याच्या भाषणाला हजारो लोक जमायचे तो माणूस! त्याला सहा वर्षांच्या पोरीपुढे बोलता येत नाही. इथे तो "मला दुःख झालं" म्हणत नाही, स्वतःच्या भावनेचा एकही शब्द नाही, नुसती अडखळलेली जीभ दाखवतो. आणि जाहिरात टीव्हीवरची आहे हेही उगाच नाही. जाहिरात म्हणजे आमंत्रण, या, सगळे या. पार्क उघडं आहे, बापाकडे तिकिटाचे पैसे आहेत, पोरगी तयार आहे, मग अडतंय कुठे? काळ्या मुलांना फनटाउन बंद आहे एवढंच किंग सांगतात, हे बरोबर का ते वाचणाऱ्यालाच ठरवावं लागतं, आणि स्वतः काढलेलं उत्तर माणूस सहसा नाकारत नाही.

वाक्याच्या लांबीबद्दल सगळे लिहितात ते तूही लिही, की "थांबा" म्हणणाऱ्यांना किंगनी मुख्य क्रियापदासाठी तीनशे शब्द थांबायला लावलंय. बरोबरच आहे ते. पण डिटेल फुसके असते तर नुसत्या लांबीनं काय झालं असतं, वाचणारा मध्येच उठला असता.

एक शेवटचं. पत्राच्या शेवटाकडे किंग पोलिसांच्या त्या कौतुकावर येतात. निःशस्त्र माणसांवर सोडलेली कुत्री, म्हाताऱ्या बायकांना ढकलणं, हे सगळं आहेच, पण त्यात एक छोटी गोष्ट सांगतात, की आम्हाला जेवणाआधीची प्रार्थना एकत्र म्हणायची होती म्हणून दोनदा जेवणच दिलं नाही. कोणाला सांगतायत हे? धर्मगुरूंना! दुसऱ्या कोणाला लिहिलं असतं तर हे डिटेल कदाचित आलंच नसतं. म्हणून उत्तरात "तपशिलाचा प्रभावी वापर" एवढंच लिहू नकोस, हा तपशील कोणत्या आरोपाचं उत्तर आहे ते लिही. त्या पत्रात जवळजवळ प्रत्येक डिटेलला समोर एक आरोप आहे.

हे सगळं ठीक आहे, पण लहान मुलीला मध्ये आणणं म्हणजे शुद्ध इमोशनल ब्लॅकमेल नाही का? मी ३० वर्षं गणित शिकवलं, मला आकडे पटतात. चळवळीच्या लोकांनी आकडे द्यावेत, रडकथा कशाला?
*निवृत्त शिक्षक, सांगली*

सर, तुमचा मुद्दा उडवून लावण्यासारखा नाहीये. पण ते पत्र पूर्ण वाचलंत तर मुलगी येते तोपर्यंत किंगनी बराच कोरडा हिशोब मांडून झालेला असतो, पोरं तो भाग वगळतात म्हणून त्याची चर्चा होत नाही एवढंच. अहिंसक चळवळीच्या पायऱ्या सांगताना पहिली पायरीच त्यांनी वस्तुस्थिती गोळा करणं ही सांगितलीय, मग बोलणी, मग स्वतःच्या मनाची तयारी, आणि शेवटी प्रत्यक्ष कृती. आणि "वेळ चुकली" या आरोपाला उत्तर म्हणून चक्क तारखांचा क्रम दिलाय. आदल्या सप्टेंबरमध्ये व्यापाऱ्यांशी बोलणी झाली, दुकानांतल्या वर्णभेदाच्या पाट्या काढू असं कबूल झालं, त्या भरवशावर स्थानिक नेते फ्रेड शटल्सवर्थ आणि मंडळींनी निदर्शनं थांबवली, थोड्या पाट्या निघाल्या आणि परत लागल्या, बाकीच्या हलल्याच नाहीत. मग ईस्टरच्या खरेदीचा मोसम ठरवला, कारण ख्रिसमसनंतर तीच मोठी खरेदी. तेवढ्यात महापौरपदाची निवडणूक आली, म्हणून पुढे ढकललं. पोलीसखातं ज्याच्या हातात होतं तो बुल कॉनर दुसऱ्या फेरीत गेला, म्हणून परत पुढे ढकललं, की प्रचारात याचा वापर नको. २ एप्रिलला फेरी झाली, कॉनर हरला, आणि ३ तारखेला आंदोलन सुरू. आता सांगा, वेळेचा विचार कोणी केला नव्हता?

आकड्यांचं म्हणाल तर तुमच्या मनासारखं काम किंगच्या ७० वर्षं आधी आयडा बी. वेल्स या काळ्या पत्रकार बाईंनी केलं. मेम्फिसमध्ये त्यांचा पेपर होता. १८९२ मध्ये तिथे तीन काळ्या दुकानदारांना जमावानं मारलं, त्यांचं दुकान गोऱ्या दुकानदाराच्या धंद्याला जड जात होतं हे त्यामागचं खरं. वेल्सबाईंनी त्यावर लिहिलं, त्या बाहेरगावी असताना पेपरची कचेरीच फोडली गेली, परत यायची सोय राहिली नाही. तेव्हा सगळीकडे एकच समर्थन चालायचं, की काळे गोऱ्या बायकांवर अत्याचार करतात म्हणून लोक चिडतात. १८९५ च्या पुस्तिकेत त्यांनी काय केलं, तर काळ्यांनी गोळा केलेला एकही आकडा मुख्य पुरावा म्हणून धरला नाही, शिकागो ट्रिब्यून या गोऱ्यांच्या पेपरनं छापलेल्या याद्या घेतल्या, नाव, तारीख, गाव, आणि मारताना सांगितलेलं कारण. त्यातून निघालं की मारलेल्यांपैकी जेमतेम एक तृतीयांशांवर तसा नुसता आरोप तरी होता, बाकीच्यांवर तोही नव्हता. आता अतिशयोक्ती म्हणायची तर स्वतःच्याच पेपरला खोटं ठरवायचं.

पण आकड्यांनाही मर्यादा असतात सर, हे गणिताच्या माणसाला मी काय सांगणार. मिसिसिपीत मतदार नोंदणी काळ्यांना खुली होती, कागदावर. किती टक्के नोंदले गेले हा आकडा दिला की समोरचा म्हणायचा, त्यांनाच इंटरेस्ट नाही मत द्यायचा. इथे फॅनी लू हेमर यांची साक्ष कामी आली. २२ ऑगस्ट १९६४, अटलांटिक सिटी, डेमोक्रॅटिक पक्षाच्या अधिवेशनातल्या समितीपुढे. शेतमळ्यावर राबणारी बाई, शाळा फारशी नाही. सांगतात काय, ३१ ऑगस्ट १९६२ ला आम्ही १८ जण २६ मैलांवरच्या कचेरीत नाव नोंदवायला गेलो, परत येताना पोलिसांनी बस अडवली आणि ड्रायव्हरवर केस टाकली, की बसचा रंग चुकीचा आहे. घरी पोचतात तर मळ्याचा मालक म्हणतो नाव मागे घे नाहीतर चालती हो, १८ वर्षं काम केलेल्या जागेवरून. मग त्या ज्या घरी राहायला गेल्या तिथे १० सप्टेंबरला १६ गोळ्या झाडल्या. पुढे विनोना गावच्या कोठडीतली मारहाण आहे, ती ऐकवत नाही. पण मला विचाराल तर "इंटरेस्ट नाही" या म्हणण्याची हवा बसच्या रंगानंच काढली. असलं कारण कोणी कल्पनेनं रचत नाही, रचायचं असतं तर बरंसं रचलं असतं. राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांना ही साक्ष इतकी नकोशी होती की त्यांनी ऐनवेळी स्वतः कॅमेऱ्यांपुढे येऊन थेट प्रक्षेपण वळवलं, पण चॅनेलवाल्यांनी रात्री ती साक्ष दाखवलीच, आणि तेव्हा घरोघर माणसं टीव्हीपुढे बसलेली होती.

आमच्या वस्तीत पाणी आठवड्यातून दोनदा येतं, तेही पहाटे. अर्ज लिहायचं काम माझ्यावर आलंय. पोरं म्हणतात सगळं लिही, नावं, फोटो, कोण काय बोललं, सगळं. आठ पानं झालीत. बरोबर चाललंय का?
*वाचक, सोलापूर*

आठ पानं कोणीही वाचणार नाही दादा, राग मानू नका. तुमच्यासाठी माझ्याकडे एक नमुना आहे. २१ मे १९५४, मॉन्टगोमेरी, अलाबामा. जो ॲन रॉबिन्सन, तिथल्या काळ्यांच्या कॉलेजात इंग्रजी शिकवायच्या आणि बायकांच्या एका राजकीय मंडळाच्या अध्यक्ष होत्या. बसमध्ये रोज होणाऱ्या अपमानाबद्दल महापौरांना त्यांनी पत्र लिहिलं, एक-दीड पानाचं असेल. अपमानाचे किस्से त्यांच्याकडे शेकड्यानं असणार, त्यांना स्वतःलाही बसमधून रडत उतरावं लागलं होतं. त्यातलं पत्रात काहीच नाही.

आहे काय, तर सुरुवातीला आभार, की मार्चमध्ये आमचं ऐकून घेतलंत. मग तीन मागण्या. काळ्यांनी मागून पुढे आणि गोऱ्यांनी पुढून मागे बसत यावं, जागा भरेपर्यंत. पुढच्या दारात पैसे देऊन, खाली उतरून, मागच्या दारानं चढायला लावू नये. आणि गोऱ्यांच्या भागात बस जशी दर कोपऱ्यावर थांबते तशी आमच्याकडे थांबावी. यापुढची ओळ बघा, त्या लिहितात की काही भागांत बस आता जास्त कोपऱ्यांवर थांबायला लागलीय, त्याबद्दल आनंद आहे, पण बाकीचं तसंच चाललंय. म्हणजे जे झालं ते झालं म्हणून मान्य. मग एकच आकडा, बसमधले तीन चतुर्थांश प्रवासी काळे आहेत, ते बसले नाहीत तर बस चालणार नाही. मग दाखला, आपल्याच राज्यातल्या मोबाइल शहरात बसायची ही पद्धत चालू आहे, म्हणजे "अशक्य आहे" म्हणायची सोय नाही. आणि शेवटी अगदी नम्रपणे, की २५ किंवा जास्त संघटनांत बसवर बहिष्कार टाकायचं बोलणं चाललंय. धमकी आहे हो ही, पण बोट ठेवायला जागा नाही.

महापौरांनी काही केलं नाही. दीड वर्षानं, बसमधली जागा गोऱ्या प्रवाशासाठी सोडली नाही म्हणून रोझा पार्क्स यांना अटक झाली त्या रात्री याच रॉबिन्सनबाईंनी कॉलेजच्या मशिनवर हजारो पत्रकं काढली, सोमवारी बसमध्ये बसू नका म्हणून, आणि तो बहिष्कार ३८१ दिवस चालला. पत्रकात तर त्याहून कमी मजकूर. परत एका बाईला अटक झालीय, तिची केस सोमवारी आहे, कामाला जायचं तर टॅक्सी करा नाहीतर चालत जा, एक दिवस शाळा बुडाली तर चालेल. सगळा भर वाचणाऱ्यानं सोमवारी सकाळी काय करायचं यावर. तीन चतुर्थांशांचा आकडा तेवढा दोन्हीकडे आहे, पण पत्रातल्या मागण्या आणि मोबाइलचा दाखला पत्रकात नाही, दोन्हींचा वाचणारा वेगळा.

तर तुमच्या आठ पानांपैकी काय ठेवायचं? पाणी कोणत्या तारखांना किती वाजता आलं आणि किती वेळ होतं, महिनाभराची नोंद, ती एका तक्त्यात. शेजारच्या भागात त्याच लाइनवरून रोज येत असेल तर ते, तो तुमचा मोबाइल शहराचा दाखला. मागणी नक्की काय, ती दोन ओळींत. आधीच्या अर्जाचा आवक नंबर आणि तारीख. कोण काय उलटं बोललं ते काढा, त्यानं साहेब बचावाच्या पवित्र्यात जातो आणि पाण्याचं राहून जातं. एखादीच गोष्ट माणसाची ठेवा, पहाटे तीनला उठून पाणी भरणारी बाई सहाला कामावर जाते असं काही, खरं असेल तेच, आणि तिला विचारूनच. तिचं नाव, फोटो टाकायची घाई नको.

या नावांच्या बाबतीत फ्रेडरिक डग्लस यांचं सांगते. गुलामीतून १८३८ मध्ये पळालेला माणूस, इतकं सुंदर बोलायचा की उत्तरेतले लोक म्हणायला लागले हा गुलाम असूच शकत नाही. त्याला उत्तर म्हणून १८४५ मध्ये आत्मकथन लिहिलं त्यात मालकांची खरी नावं, मेरीलँडमधली गावं, मळे, सगळं दिलं, कोणीही जाऊन तपासावं. एका ठिकाणी लिहितात की थंडीनं माझी पावलं इतकी फुटली होती, की आत्ता ज्या लेखणीनं लिहितोय ती त्या भेगांत मावली असती. लेखणीच मापाला घेतली! गुलाम होतास का याचं आणि लिहितोस तूच का याचं उत्तर एकदम. पण नावं देणं म्हणजे स्वतःचा पत्ता देणं, कायद्यानं ते अजून कुणाची तरी मालमत्ता होते, पुस्तकानंतर त्यांना इंग्लंड-आयर्लंडला जावं लागलं आणि तिथल्या मित्रांनी पैसे भरून त्यांची सुटका विकत घेतली. याच पुस्तकात पळालो कसा हे मात्र त्यांनी मुद्दाम सांगितलं नाही. वाचकांना तेच सगळ्यात जास्त हवं होतं. ते म्हणाले की सांगितलं तर मागून येणाऱ्यांची वाट बंद होईल. गुलामी संपल्यावर बऱ्याच वर्षांनी, १८८१ मध्ये त्यांनी ते सविस्तर छापलं. स्वतःवर जोखीम आणणारं सगळं लिहिलं, दुसऱ्यावर आणणारं गाळलं, ही विभागणी तुमच्या वस्तीतल्या भाडेकरूंच्या नावांना लावून बघा.

आपल्याकडे असं लेखन नाही का? सगळं अमेरिकेचंच का?
*वाचक, डोंबिवली*

आहे की, आणि ते लिहिणाऱ्यानं आपण असं का लिहितोय हे स्वतःच सांगून ठेवलंय. बाबासाहेबांचं "वेटिंग फॉर अ व्हिसा" हे छोटं आठवणींचं लेखन, इंग्रजीत लिहिलेलं, त्यांच्या हयातीत छापलं गेलं नाही, पुस्तिका १९९० मध्ये निघाली. सुरुवातीला ते म्हणतात की परदेशी माणसाला अस्पृश्यता आहे हे माहीत असतं पण ती शेजारी राहिलेला नसल्यामुळे कळत नाही, तर ती समजावायचे दोन मार्ग, एक सर्वसाधारण वर्णन आणि दुसरा प्रत्यक्ष घडलेले प्रसंग, आणि दुसरा जास्त परिणामकारक वाटतो. मग थेट १९०१, मसूर स्टेशन, साताऱ्याकडचं. वडील गोरेगावला नोकरीला, त्यांच्याकडे निघालेली चार पोरं, नवे कपडे, जरीच्या टोप्या, नवे बूट. स्टेशनमास्तर आधी प्रेमानं चौकशी करतो, जात कळते आणि मागे सरतो. बैलगाडीवाले दुप्पट पैशाला तयार होतात पण गाडी पोरांनीच हाकायची, गाडीवान बाजूनं चालणार. डबा भरलेला आहे आणि रात्रभर पाणी मिळत नाही म्हणून जेवता येत नाही.

नव्या कपड्यांचं काम इथे टीव्हीच्या जाहिरातीसारखंच आहे, पोरं आनंदात निघालीयत. मला यातलं सगळ्यात आवडतं डिटेल वेगळंच आहे. वडील स्टेशनवर घ्यायला का आले नाहीत, तर पोरांचं पत्र नोकराला मिळालं होतं, त्यानं ते द्यायचं राहून गेलं. हे लिहिलं नसतं तरी चाललं असतं, उलट प्रसंग अजून काळा दिसला असता. त्यांनी लिहिलं. जे जातीमुळे घडलं नाही ते जातीवर घातलं नाही, म्हणून जे घातलंय त्यावर परदेशी वाचकाला शंका घेता येत नाही. किंगच्या पत्रातही असं एक ठिकाण आहे. त्या आठ जणांपैकी एक, रेव्हरंड स्टॉलिंग्ज, यांनी आदल्या रविवारी चर्चमध्ये काळ्यांना वेगळं न बसवता येऊ दिलं, त्याबद्दल किंगनी त्यांचं नाव घेऊन कौतुक केलंय. ज्यांच्या निवेदनाचा ते समाचार घेतायत त्यांच्यातल्याच एकाचं!

ते पत्र टॉयलेट पेपरवर लिहिलं असं एका रीलमध्ये ऐकलं. खरं का?
*वाचक, मडगाव*

किंगनी स्वतः पत्राला जोडलेल्या टिपेत सांगितलंय ते असं, की निवेदन छापून आलेल्या त्याच वर्तमानपत्राच्या समासात सुरुवात केली, मग तुरुंगात काम करणाऱ्या एका काळ्या कैद्यानं आणून दिलेल्या कागदाच्या तुकड्यांवर, आणि शेवट वकिलांना नंतर आत ठेवू दिलेल्या पॅडवर. बाहेर सहकाऱ्यांनी ते तुकडे लावून टाइप करून घेतले. छापताना मजकुरावर थोडा हात फिरवल्याचंही त्यांनी त्याच टिपेत कबूल केलंय. पत्रावर तारीख १६ एप्रिल आहे आणि ते सुटले २० एप्रिलला. आधी क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या संस्थेची पुस्तिका निघाली, मग मासिकांतून, आणि १९६४ मध्ये त्यांच्या पुस्तकात. रीलवाल्यांना समास पुरेसा वाटला नसावा.